बारा दुपारी

दिघोरी, नागपूर
गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५

कुसुम,

अक्षर ओळखलं असशीलच. पत्र फाडायचं असेल तर वाचून झाल्यावर फाड.

तुझा नंबर तीनदा लावून पाहिला, वाजतच नाही. बहुतेक माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस. ठेव. म्हणून हे पत्र. उमरेडचा पत्ता बदलला नसेल असं धरून चालते.

बातमी अशी की अश्विनला मुलगी झाली. जूनमध्ये. खुशी नाव ठेवलं. पाच महिन्यांची आहे. रंग सुनेचा, जिवणी आपल्या आईची. सून पायल या महिन्यापासून पुन्हा नोकरीवर जायला लागली. सीताबर्डीला विम्याच्या ऑफिसात आहे. सोमवार ते शनिवार, सकाळी साडेनऊला जाते ती संध्याकाळी साडेसहाला येते. अश्विन कंपनीच्या कामानं आठवड्यातले चार दिवस चंद्रपूरकडे. अश्विनचे बाबा गेल्यापासून मी रिकामीच होते, ब्लाऊज शिवणंही सोडलं होतं. आता दिवसभर लेकरू आणि मी.

फार गुणी आहे. मालिश करताना रडत नाही, दूध टाकत नाही. दुपारी साडेबाराला झोपते, दोनच्या सुमारास उठते.

तुला एक विचारायचं होतं. लहानपणी तुला ते यायचं, तेव्हा झोपेत आधी हात हलायचे का? मी तुझ्याच शेजारी झोपायची, पण आता नीट आठवत नाही. सहज विचारते. खुशी दोन-तीन दिवस झोपेतून उठताना जरा दचकते. शेजारच्या काकू म्हणतात पोटात वात धरला असेल. बेंबीला हिंग लावते आहे.

उत्तर पाठवलंस तर बरं होईल. टपाल इकडे दुपारी येतं, तेव्हा मी एकटीच असते. घरात दुसऱ्या कुणाला फोन करून विचारू नकोस.

अश्विनच्या लग्नात हॉलवर झालं त्याबद्दल पुढे कधीतरी लिहीन. त्या दिवशी फार धावपळ होती.

यमुना


सोमवार, १७ नोव्हेंबर

कुसुम,

चारच दिवस झाले, उत्तर यायला वेळ लागेल हे कळतं. पण मला थांबवत नाही.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. मला सगळं नीट आठवतं. बाबांच्या हातमागाच्या खोलीत आपल्या दोघींची एक गोधडी होती. आई म्हणायची, "यमे, कुसुमच्या मनगटाले हात लावून झोप. हललं का मले उठव." मी सात वर्षांची होते, तू तीन. माझ्या बोटांना आधी कळायचं, डोळ्यांना नंतर. साधं दचकणं असलं तर मी मनगट धरलं की तुझा हात शांत व्हायचा. आणि ते असलं तर मी कितीही घट्ट धरलं तरी हात माझ्या मुठीत आपल्याच मर्जीनं उडत राहायचा. चाळीस-पन्नास वर्षांत मी तो फरक कुणाला सांगितला नाही, पण बोटं विसरली नाहीत.

आता खरं सांगते. मागच्या सोमवारी, दहा तारखेला, खुशी दुपारच्या झोपेतून जागी होत होती. डोळे अर्धे उघडले. आणि एकदम मान पुढे झुकली, दोन्ही हात बाजूला फेकले गेले, पाय पोटाशी आले. एक-दोन सेकंद. मग सैल पडली. मला वाटलं भांड्याच्या आवाजानं दचकली. पण भांडं पडलंच नव्हतं. मी तिच्याकडे पाहतच होते, तेवढ्यात पुन्हा तसंच. तशीच मान, तसेच हात. मग पुन्हा. बाबा मागावर बसले की धोटा जसा ठरावीक वेळानं इकडून तिकडे जायचा, तसं. मध्ये सात-आठ सेकंद जायचे. शेवटी ती रडली, म्हणून मला वाटलं पोट दुखतं आहे.

मंगळवारी तसंच झालं. बुधवारी नाही झालं, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. गुरुवारी दोनदा झालं. त्या दिवशी मी तिचं मनगट धरून पाहिलं.

थांबलं नाही, कुसुम.

आज नऊ वेळा झालं. मी मोजलं. डोळे वर जातात आणि पापण्या फडफडतात, हे आज पहिल्यांदा दिसलं. भर झोपेत कधी होत नाही, झोपेतून उठतानाच होतं. म्हणून पायलला दिसत नाही. सकाळी ती उठते तेव्हा लेकरू आधीच जागं होऊन खेळत असतं. आणि रविवारी घरात पाहुणे होते, खुशी कुणाच्या तरी खांद्यावरच झोपली.

पायलला सांगितलं नाही. अश्विनलाही नाही. का ते तुला कळतं. सांगितलं की डॉक्टर विचारणार, घरात आणखी कुणाला आहे का? मग मी काय सांगू? हॉलच्या दारात पायलच्या आईला मी काय सांगितलं ते तू ऐकलं होतंस. मला माहीत आहे तू ऐकलंस.

कदाचित आपोआप जाईल. पुष्कळ लेकरांचं जातं म्हणतात. तू फक्त एवढं लिही, की पाचव्या महिन्यात तुला असंच व्हायचं असं आई कधी म्हणाली होती का, आणि ते मध्येच कधी थांबलं होतं का.

यमुना


बुधवार, १९ नोव्हेंबर

कुसुम,

काल पायल ऑफिसातून आली, हातपाय धुतले आणि खुशीला मांडीवर घेतलं. खुळखुळा वाजवला. टाळ्या वाजवल्या. मग मला म्हणाली, "आई, ही माझ्याकडे पाहून नाही राहिली."

मी म्हटलं, "झोप येत असंन तिले."

"नाही आई. आधी मी चप्पल काढली का आवाजावर मान फिरवायची. हसायची. आज चार दिवस झाले, हसलीच नाही. तुमच्याजवळ हसते का दुपारी?"

मी म्हटलं, "हसते ना. आज बम हसली."

हे खोटं मी एका क्षणाचाही विचार न करता बोलले. तोंडातून निघून गेलं. पायलचा चेहरा उतरला. तिला वाटलं, मी नोकरीवर जाते म्हणून पोर मला विसरली. त्या वेळीही मी सांगू शकले असते. मी काय केलं? मीठ-मोहऱ्या घेतल्या आणि दृष्ट काढली. पायल मान खाली घालून बसली होती, आणि मी तिच्या लेकरावरून हात फिरवत होते. 

खुशी आता कुणाकडेच पाहत नाही. पंख्याकडेही नाही. पालथी पडायची, ते सोडलं. जे शिकली होती ते एकेक करून ठेवून देते आहे असं वाटतं. मला दुपारची भीती वाटते.  तिला झोपवू नये असं वाटतं, कारण झोपली की उठणार. मी तिला कडेवर घेऊन घरभर फिरते, ती माझ्या खांद्यावर झोपून जाते, आणि मग मी घड्याळाकडे पाहत बसते.

कुसुम, शिवी लिहून पाठव, पण काहीतरी लिही.

यमुना


उमरेड
गुरुवार, २० नोव्हेंबर

यमुताई,

तुही दोन पत्रं भेटली. उत्तर द्याचं नोतं. पण त्यात लेकराचा काय कसूर, म्हणून लिहून राहिली.

तू लिहिलं ते दचकणं नाही. मी डॉक्टर नाही, शाळेत खिचडी शिजवते. पण दर तीन महिन्यानं गोळ्या घ्याले नागपूरले मेडिकलच्या सरकारी दवाखान्यात येते, तिथं तासन् तास बसावं लागते. मांडीवर लेकरं घेऊन बसलेल्या बाया पाहिल्या म्या. सगळ्या एकच गोष्ट सांगतात, आम्हाले वाटलं पोट दुखून राहिलं. त्यातल्या ज्या लवकर आल्या त्यांच्या लेकरांचं बरं झालं. ज्या थांबल्या त्या अजूनही येऊन राहिल्या.

मोबाईलवर व्हिडिओ काढ. चेहरा दिसला पाह्यजे, डोळे दिसले पाह्यजे. हातपाय उघडे ठेव, वर दुपटं नको. किती वेळा झालं अन् किती वेळ चाललं ते घड्याळ पाहून लिही. दाबून धरू नको. तोंडात पाणी, दूध, बोट, काही घालू नको. कांदा, चप्पल हुंगवू नको. माह्या नाकाले तुम्ही काय काय लावलं ते मले आठोते. आंग निळं पडलं, श्वास अटकला, का पाच मिनिटांच्या वर चाललं, तं व्हिडिओ सोड अन् सरळ दवाखान्यात पय.

अन् त्या पोरीले सांग. तिच्या मायले. आजच सांग. तू मले विचारून राहिली अन् तिले नाही विचारत. मी कोण आहो? शेजारीण.

कुसुम

तुह्या घरावरूनच आमची गाडी जाते. अकरा वर्षांत मले एकही झटका आला नाही. तू विचारलं नाही म्हणून लिहिलं.


धंतोली, दवाखान्याच्या व्हरांड्यातून
सोमवार, २४ नोव्हेंबर

कुसुम,

तुझं पत्र शनिवारी दुपारी एकला आलं. खुशी झोपलेली होती. मी ते उभ्यानंच वाचलं, दुपटं काढलं, झबलं सोडलं आणि फोन हातात घेऊन तिच्याजवळ बसले. एक वाजून पन्नास मिनिटांनी ती चाळवली. अकरा वेळा झालं. पावणेदोन मिनिटं. फोन हलू दिला नाही.

संध्याकाळी पायल आली तशी मी फोन तिच्या हातात दिला. तिनं खांद्यावरची पर्स खाली ठेवली नाही. उभ्यानं एकदा पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"हे काय आहे आई?"

"झटके असंन."

"कधीपासून?"

मी म्हटलं, "काल-परवापासून."

पायलनं फोन पर्समध्ये टाकला. खुशीला उचललं आणि जिना उतरून गेली, मी चप्पल घालून मागे धावले. ऑटोत ती खुशीच्या डोक्यावर हात ठेवून नुसती पुढे पाहत होती. आमच्या नेहमीच्या बालरोग डॉक्टरांनी व्हिडिओ अर्धाच पाहिला आणि फोन उचलला. कुणाशी तरी इंग्रजीत बोलले, मग आम्हाला म्हणाले, "घरी जाऊ नका. सरळ तिकडे जा. मी कळवलंय." म्हणजे इथे.

आज सकाळी खुशीच्या डोक्याला वायरी चिकटवल्या. वीस-बावीस असतील. औषध पाजून झोपवलं, आणि कागदासारख्या पडद्यावर रेघा सुरू झाल्या. मला रेघांतलं काही कळत नाही. पण मी सुताच्या घरची आहे, गुंता ओळखते. त्या रेघा म्हणजे नुसता गुंता होता. लेकरू इतकं शांत झोपलं होतं, ओठांवर दुधाचा थेंब, आणि डोक्यात ते सगळं चालू होतं.

मेंदूच्या मोठ्या डॉक्टर बाई आहेत. तरुण आहेत, हळू बोलतात. म्हणाल्या, याला उशीर चालत नाही, औषध आजच सुरू करू. मग खोलीतले दिवे बंद केले आणि एक निळसर दिवा खुशीच्या अंगावरून फिरवला. पाठीवर तीन आणि मांडीवर एक, असे डाग उजळून दिसले. पानाच्या आकाराचे, फिकट. उजेडात मी रोज तिची मालिश करते, मला कधी दिसले नव्हते.

कुसुम, ते तुझ्या पाठीवरचे डाग आहेत. आई कोड समजून ज्यांना बावचीचं तेल लावायची, तेच. माझ्या मांडीवर एक आहे. अश्विनच्या कमरेवर एक आहे, त्याला आम्ही जन्मखूण म्हणतो.

डॉक्टरांनी दिवे लावले आणि विचारलं, "घरात कुणाला झटके येतात? आई-वडील, आजी-आजोबा, मावशी, आत्या? कुणाच्या अंगावर असे डाग? आठवून सांगा, याचा उपचाराशी संबंध आहे."

पायलनं तिथूनच तिच्या आईला फोन लावला. त्यांच्याकडे कुणाला नाही. अश्विन काल चंद्रपूरहून आला आहे, तो म्हणाला, "आमच्याकडे कोणालेच नाही मॅडम." आणि मग तिघांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "नाही."

आणि इथे आणण्याआधी हे किती दिवस चालू होतं, असं डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, दोन दिवस.

डॉक्टरांनी दोन्ही लिहून घेतलं. मी त्या पेनाकडे पाहत होते. तुझं पत्र माझ्या पर्समध्ये होतं.

यमुना


दिघोरी
मंगळवार, २५ नोव्हेंबर

कुसुम,

सांगून टाकलं.

आज सकाळी डोक्याचा मोठा फोटो काढला. त्यात मेंदूत बारीक गाठी दिसल्या. कॅन्सरच्या नाहीत, असं डॉक्टरांनी तीनदा सांगितलं. हा जन्माचा आजार आहे म्हणे, कधी घरातून येतो, कधी नवाच होतो. पायल बाहेर येऊन बाकावर बसली. मी तिच्या शेजारी. ती हळूहळू बोलायला लागली. माझ्याशी नाही, स्वतःशीच.

"माझंच काहीतरी चुकलं. सातव्या महिन्यापर्यंत ऑफिसला गेले. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसायचे. मला ताप आला होता तेव्हा गोळी घेतली होती एक. आई, त्या गोळीनं झालं असेल का?"

मग ती बोटांवर महिने मोजू लागली.

"का पपई खाल्ली होती, तुम्ही नको म्हटलं होतं तरी?"

पायल पपईचा हिशोब करत होती, कुसुम. स्वतःच्या पोटावर हात ठेवून. मी आयुष्यात पुष्कळ सहन केलं, आणि तुला माझ्यामुळे काय सहन करावं लागलं तेही मला माहीत आहे, पण हे मला ऐकवलं नाही.

मी म्हटलं, "पायल, तुह्यामुळे नाही झालं. माझ्याकडून आलं ते. मले सख्खी बहीण आहे. कुसुम. उमरेडले राहते. तिले लहानपणापासून झटके आहेत. असेच डाग आहेत. लग्नात हिरवं पातळ घेऊन आली होती हॉलवर, तुह्या आईले मी सांगतलं का ही आमची उमरेडची शेजारीण आहे. ती माझी बहीण होती."

पायल माझ्याकडे पाहत राहिली. तिला बहुतेक सगळं एकदम कळलं नाही. मग तिनं एकच विचारलं.

"अन् खुशीचं तुम्हाले कधीपासून माहीत होतं?"

आता पुन्हा खोटं बोलायला जागा होती. मी म्हटलं, "दहा तारखेपासून. बारा दुपारी. रविवार सोडून."

"बारा दिवस तुम्ही पाहत होत्या?"

"हो."

"मी विचारलं होतं तुम्हाले, हसते का म्हणून."

"हो."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, आत गेली, आणि मला काचेतून दिसलं की तिनं पाळण्याजवळचं माझं शालीचं बोचकं उचललं. बाहेर आणून माझ्या हातात दिलं. "तुम्ही घरी जा," म्हणाली. अश्विन मला ऑटोपर्यंत सोडायला आला.  ऑटो निघताना फक्त विचारलं, "मले मावशी आहे?"

निघायच्या आधी मी डॉक्टरांना जाऊन सांगितलं. मला वाटलं त्या रागावतील. त्यांनी फाईल उघडली, 'दोन दिवस' खोडलं आणि बारा लिहिलं. म्हणाल्या, "आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. पण आता सांगितलंत तेही कामाचं आहे. यावर औषध ठरतं. तुमच्या बहिणीचे जुने कागद मिळतील का? त्या स्वतः येऊ शकतील का?"

म्हणून तुला लिहिते आहे. मागायचा मला हक्क नाही. त्या दिवशी हॉलच्या दारात तू हातातली पिशवी माझ्याकडे दिलीस आणि जेवली नाहीस. बसस्टँडपर्यंत एकटी चालत गेलीस. तुला झटका येईल, चार लोकांत तमाशा होईल, सोयरीक मोडेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तुला झटका येऊन लागलं तर, हे माझ्या डोक्यात नव्हतं. धावपळ वगैरे काही नव्हती. ठरवून बोलले मी.

मी स्वतः येणार होते. पण मला पाहून तू दार लावलंस तर कागद मिळायचे नाहीत, आणि कागद मिळायला हवेत. म्हणून हे पत्र टपालात न टाकता थांब्यावर उमरेडच्या गाडीच्या कंडक्टरजवळ देते. पायलचा नंबर आणि दवाखान्याचा पत्ता मागच्या पानावर आहे. माझ्याशी बोलू नको. माझ्याकडे येऊ नको. सरळ तिच्याकडे जा.

लेकराला अजून झटके येत आहेत. सकाळी मी निघाले तेव्हा सहा मोजले होते.

यमुना


दिघोरी
रविवार, २१ डिसेंबर

कुसुम,

तू सव्वीस नोव्हेंबरला, बुधवारी, सकाळी पहिल्या गाडीनं दवाखान्यात गेलीस हे मला त्याच दिवशी कळलं नाही. दुसऱ्या दिवशी अश्विन कपडे न्यायला घरी आला, तेव्हा त्यानं सांगितलं. म्हणाला, "आई, एक बाई आली, पिशवीत ही जाड फाईल. मले पाहून म्हणे, अश्विन ना गा तू? मी तुही मावशी."

तू डॉक्टरांसमोर स्वतःहून पाठ उघडी केलीस, हेही त्यानं सांगितलं. जी पाठ पदराखाली ठेवायला आईनं आयुष्यभर शिकवलं. आणि तीन तास पायलजवळ बसलीस. गोळी वाटीत कशी विरघळवायची, किती पाण्यात, चमच्यानं की पिचकारीनं, ते करून दाखवलंस. तू तिला काय काय बोललीस ते पायलनं कुणाला सांगितलं नाही. पण त्या दिवशी ती जेवली, असं अश्विन म्हणाला. शनिवारपासून तिनं अन्न घेतलं नव्हतं.

आता पुढचं ऐक. दुसऱ्या आठवड्यात झटके कमी झाले. दिवसाला सहा, मग दोन. सहा डिसेंबरपासून एकही नाही. नऊ तारखेला घरी आणलं. औषधानं डोळ्यांना त्रास होऊ शकतो, म्हणून डोळे तपासत राहायचे आहेत. हृदयाचाही फोटो काढला, तो बरा आहे. अश्विनचा आणि माझा मेंदूचा फोटो निघाला. दोघांच्याही डोक्यात तेच आहे, थोडंसं. आयुष्यभर होतं आणि कळलं नाही. डॉक्टर म्हणतात एकाच घरात कुणाला जास्त, कुणाला काहीच नाही, असं असतं. मी विचारलं, त्या बारा दिवसांनी किती नुकसान झालं? म्हणाल्या, "ते मला सांगता येणार नाही. कुणालाच नाही. पुढचं वर्षभर पाहत राहू." मी हे उत्तर रोज उशाशी घेऊन झोपते.

खुशी परवापासून आवाजाकडे मान वळवते. हसली नाही अजून.

पायलनं बिनपगारी सुटी घेतली. दवाखान्यातून आल्यावर नऊ दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. मला खुशीला घेऊ द्यायची, पण त्या खोलीत स्वतः असायची. तिचं बरोबर आहे. तिनं मनात आणलं असतं तर ती मला बाहेर काढू शकली असती, माहेरी जाऊ शकली असती. तिची आई बोलवायला आली होती. पायल गेली नाही. मला का ते माहीत नाही आणि मी विचारलंही नाही.

या गुरुवारची गोष्ट सांगते. दुपार होती. पायल स्वयंपाकघरात कणीक मळत होती, दार उघडं ठेवून. खुशी माझ्याजवळ गादीवर झोपली होती. उठायची वेळ झाली. मी तिच्याकडे पाहत होते. एकदम तिचा एक हात उडाला.

आणि मी ओरडले. "पायल! ये! ये लवकर!" इतक्या जोरात की शेजारच्या काकू गॅलरीत आल्या. पायल कणकेचे हात घेऊन धावत आली. "काय झालं?" मी म्हटलं, "हात हलला. एकदा. एक वाजून बावन्न मिनिटं." ती खाली बसली. मनगटानं फोन सरकवून मला म्हणाली, "तुम्ही व्हिडिओ लावा, माझे हात भरले आहेत." मी लावला. आम्ही दोघी गादीच्या दोन बाजूंना बसलो. तो दुसरा झटका कधी येतो त्याची वाट पाहत.  सात सेकंद गेले, दहा गेले. एक मिनिट. पाच मिनिटं. खुशीनं डोळे उघडले, जांभई दिली आणि पंख्याकडे पाहायला लागली. तो नुसताच हात हलला होता, कुसुम. सगळी लेकरं हलवतात तसा.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, "उगीच घाबरवलं तुले."

पायलनं कणकेचे हात वर धरले होते, ते वाळून पांढरे झाले होते. म्हणाली, "अशीच हाक मारत जा आई. शंभरदा खोटी निघू दे." मग उठून पोळ्या करायला गेली. दार नेहमीसारखं उघडं ठेवलं नाही. लोटून घेतलं.

मी तिथेच बसले. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा लेकरू आणि मी, दोघीच.

तुझ्याकडे मी माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तेवढंही ओझं मला तुझ्यावर टाकायचं नाही. हे पत्र मी बैठकीत सगळ्यांसमोर बसून लिहिलं. पायलनं विचारलं कुणाला लिहिता, मी सांगितलं. तिनं वाचायला मागितलं. दिलं. खालच्या दोन ओळी तिच्या आहेत, मी त्यातलं काही बदललेलं नाही.

यमुना

मावशी, पाच जानेवारीला खुशीच्या डोक्याची टेस्ट पुन्हा आहे. आईंना फार भीती वाटते, आणि मलाही वाटते, पण मी आईंना तसं दाखवत नाही. आदल्या दिवशी आमच्याकडे राहायला याल का? अश्विन थांब्यावर घ्यायला येईल.
— पायल